तुम्ही विचारलंत म्हणून : १९११च का?

आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा मी जुन्या काळाबद्दल बोलतो. शाळेत इतिहास शिकवायचो, निवृत्तीनंतरही ती सवय काही सुटली नाही. बोलून झालं की हटकून कुणीतरी विचारतं, "सर, शिवकाळ आहे, सत्तावन्न आहे, बेचाळीस आहे. तुम्ही फिरून फिरून १९११वरच का येता? त्या साली असं काय झालं?" गेल्या खेपेला हाच प्रश्न एका कॉलेजातल्या मुलीने विचारला. वाचनालय बंद करायची वेळ झाली होती, म्हणून तिला धड उत्तर देता आलं नाही. ते आता देतो.

पहिलं कारण घरातलं आहे. माझ्या आजीला जन्मतारीख नव्हती. त्या पिढीत कुणालाच नसायची. कुणी प्लेगच्या साली जन्मलेलं, कुणी दुष्काळाच्या. आजी म्हणायची, "मी दरबाराच्या सालची. दिल्लीला राजा आला नव्हं, त्या साली." आमचं गाव साताऱ्याकडचं, डोंगराच्या कुशीतलं. तिथून दिल्ली किती लांब हे तिला आयुष्यभर माहीत नव्हतं. तिच्या जन्माची खूण मात्र दिल्लीची होती. शिक्षक झाल्यावर मी तिचं साल हुडकून काढलं. बादशहा पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ रोजी मुंबईला अपोलो बंदरावर उतरला आणि १२ डिसेंबरला दिल्लीत दरबार भरला. म्हणजे माझ्या आजीचं साल १९११. मग उत्सुकतेपोटी मी त्या सालात शिरलो आणि तिथेच राहिलो.

दरबाराचं वर्णन पाठ्यपुस्तकात असतंच. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्याची आणि बंगालची फाळणी रद्द केल्याची घोषणा तिथे झाली. मला त्या सोहळ्यातला एकच माणूस जवळचा वाटतो, बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. बाकीचे राजेरजवाडे हिरेमाणकांनी मढून आले होते. सयाजीराव साध्या वेषात गेले, एकदा मान लववली आणि बादशहाकडे पाठ करून परत फिरले. रिवाज पाठ न दाखवता मागे सरत जाण्याचा होता. केवढा गहजब झाला! पुढे त्यांना माफीचं पत्र लिहावं लागलं. पण मला त्या पाठ फिरवण्यापेक्षाही त्यांची दुसरी गोष्ट मोठी वाटते. याच राजाने १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं होतं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात नेलं होतं. गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याला उभे राहिले तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्या हाताशी होतं.

गोखल्यांची ती गोष्ट १६ मार्च १९११ची. केंद्रीय कायदेमंडळात त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. ते मी शिकवताना अनेकदा वाचलं आहे, आणि दर वेळी थक्क होतो तो त्याच्या सौम्यपणाने. देशभर एकदम सक्ती करा असं ते म्हणतच नव्हतं. ज्या नगरपालिकेची किंवा लोकल बोर्डाची इच्छा असेल तिने, तेही सरकारची मंजुरी घेऊन, तेही जिथे ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जात असतील तिथेच, सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेची सक्ती करावी. बापाची मिळकत महिना दहा रुपयांच्या आत असेल तर फी घेऊ नये. मुलींची सक्ती पुढे कधीतरी. इतकं जपून, सरकारला कुठेही खुपू नये असं बेतलेलं ते काम होतं. तरी सरकारला खुपलंच. पुढच्या वर्षी, मार्च १९१२ मध्ये, ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं. विरोधात सरकारी सभासद होते तसे काही हिंदी सभासदही होते. हे पडणार हे गोखल्यांना माहीत होतं. आमच्या पिढीने अपयशातूनच देशसेवा करायची आहे, यश घेऊन सेवा करणारे मागून येतील, अशा अर्थाचं ते त्या वेळी बोलले. गोखल्यांना मवाळ म्हणून हिणवण्याची आपल्याकडे रीत आहे. मी ते कधी सहन करत नाही. आधी हे विधेयक वाचा, मग बोला, असं मी वर्गातही सांगायचो.

यात आमचं घर कुठे येतं? आजीचा थोरला भाऊ १९११ साली सहा-सात वर्षांचा होता. विधेयकात सांगितलेल्या वयाचा. तो गुरं राखायचा. विधेयक मंजूर झालं असतं तरी आमच्यासारख्या गावापर्यंत ते कधी पोचलं असतं कोण जाणे, पण कुठेतरी सुरुवात झाली असती. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचं शिक्षण आणलं. आमचं गाव त्यांच्या हद्दीबाहेर. विठ्ठलभाई पटेलांचा मुंबई इलाख्यातला कायदा १९१८चा, तो नगरपालिकांपुरता. तोवर आजीचा भाऊ मिसरूड फुटलेला गडी झाला होता. आणि देशातल्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. मी तेव्हा नोकरीत होतो. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी गोखल्यांचं नाव काढलं, तर कुणाला संदर्भच लागेना. मला फार वाईट वाटलं.

आता त्याच मार्च महिन्यात जरा इकडेतिकडे बघा. गोखले विधेयक मांडत होते त्याच्या चारच दिवस आधी, १२ मार्चला, मुंबईच्या रिपन थिएटरात 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग झाला. लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. त्यांच्या 'कीचकवधा'वर सरकारने १९१० मध्येच बंदी घातली होती. टिळकांच्या 'केसरी'तला हा माणूस प्रथमच संगीत नाटकाकडे वळला होता. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या त्या चाली मराठी रंगभूमीला नव्या होत्या. 'नाही मी बोलत नाथा' आज कुणी मनापासून गायलं तर शंभर वर्षांनंतरही अंगावर काटा येतो.

भामिनीचं काम बालगंधर्वांचं. वय बावीस. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली आणि तरीही संध्याकाळी ते तोंडाला रंग लावून उभे राहिले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. कलेवरची निष्ठा म्हणून ती सांगतात. मीही सांगायचो. पण एकदा हे सांगत असताना मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "आणि मुलीची आई? ती त्या संध्याकाळी कुठे होती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून ही गोष्ट मला पूर्वीसारखी सांगता येत नाही. नाटकगृह भरलेलं, टाळ्या पडताहेत, आणि घरात एक पोरसवदा आई. दोन्ही खरं आहे, आणि मी आता दोन्ही सांगतो.

मार्चच्या अखेरीला मंडालेत आणखी एक काम हातावेगळं झालं. टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली होती. ब्रह्मदेशातल्या तुरुंगात लाकडी खोलीत ते होते. शाई मिळत नसे, शिसपेन्सिल मिळे. सुटे कागद नाहीत, पृष्ठांवर आकडे घातलेल्या शिवलेल्या वह्या. मोजलेली पानं, म्हणजे एकही फाडून बाहेर पाठवता येऊ नये. त्या वह्यांवर त्यांनी शके १८३२च्या कार्तिकात 'गीतारहस्य' लिहायला घेतलं आणि फाल्गुन वद्य अमावास्येला पहिला खर्डा पुरा केला. म्हणजे १९११चा गुढीपाडवा उजाडायच्या आत. चार-पाच महिन्यांत एवढा ग्रंथ! पेन्सिलीला टोक काढत बसलेले पन्नाशी उलटलेले, मधुमेहाने गांजलेले टिळक माझ्या डोळ्यांपुढे येतात. बंगालच्या फाळणीनंतर जो वणवा पेटला त्यात त्यांना ही शिक्षा झाली. डिसेंबरात दरबारात ती फाळणी रद्द झाली, पण टिळक आत ते आतच. सुटले ते जून १९१४ मध्ये.

सावरकरांचंही हेच साल. ३० जानेवारीला दुसरी जन्मठेप, २४ फेब्रुवारीला हेगच्या लवादाचा मार्सेल्सच्या अटकेबाबत इंग्लंडच्या बाजूने निकाल, ४ जुलैला अंदमान. बंगालकडे २९ जुलैला मोहन बागान या फुटबॉल संघाने इंग्रज पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली, आणि २७ डिसेंबरला कलकत्ता काँग्रेसमध्ये 'जन गण मन' प्रथम गायलं गेलं. हे सगळं महत्त्वाचंच आहे, त्यावर पुष्कळांनी लिहिलंही आहे. मला मात्र वेळ हवा आहे तो एका माणसासाठी. खरं सांगायचं तर त्याच्याचसाठी मी १९११ला चिकटून आहे.

पळवणकर बाळू. चर्मकार समाजातला मुलगा, वडील पलटणीत नोकरीला. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडायचं, रोलर ओढायचं काम मिळालं. पुढे साहेबांच्या जिमखान्यात चार रुपये. तिथे साहेब लोकांना सराव देता देता डावखुरी फिरकी हाताला बसली. पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचं होतं, तेव्हा बरीच भवति न भवति होऊन त्याला संघात घेतलं. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळायचे. चहाची वेळ झाली की बाकीचे आत चिनीमातीच्या कपातून प्यायचे आणि बाळूला बाहेर, मातीच्या भांड्यात. पिऊन झालं की ते फेकून द्यायचं. जेवायला ताट वेगळं, टेबल वेगळं. गडी बाद केले की टाळ्या मात्र सगळ्यांच्या.

१९११च्या उन्हाळ्यात पहिला अखिल हिंदी संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे महाराज, वय एकोणीस. महाराजांचा बराच वेळ बादशहाच्या राज्यारोहणाच्या मेजवान्यांत गेला, थोडेच सामने ते खेळले. संघाने २३ सामने खेळले, १५ गमावले, ६ जिंकले. आकडे तसे शोभेचे नाहीत. पण बाळूचे बळी मोजा : ११४. वय पस्तीस. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ गडी. लेस्टरशायर आणि सॉमरसेट या काउंटी संघांना हिंदी संघाने हरवलं, तेही याच दौऱ्यात. धाकटा भाऊ शिवरामही संघात होता. त्या उन्हाळ्यात, परमुलखात, चहाच्या वेळी बाळूच्या हातात कसली कपबशी होती, या विचारात मी कितीतरी वेळ घालवला आहे.

मुंबईला परतल्यावर त्यांच्या समाजाने त्यांचा सत्कार केला. भीमराव आंबेडकर तेव्हा वीस वर्षांचे, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. त्यांच्या पिढीतल्या दलित तरुणांना बाळूंचा केवढा अभिमान वाटत असेल! इतकं असून हिंदूंच्या संघाचं कप्तानपद बाळूंना कधीच मिळालं नाही. ते मिळालं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये. पुढे १९३७च्या निवडणुकीत बाळू आंबेडकरांच्याच विरुद्ध उभे राहिले आणि हरले. ते वाचताना मन कष्टी होतं, पण ते लपवणार नाही. ज्या मुलांना मी क्रिकेटचे आकडे तोंडपाठ म्हणताना ऐकतो, त्यांना हा ११४चा आकडा मी आवर्जून सांगतो. शंभरातल्या नव्वद मुलांनी हे नाव ऐकलेलं नसतं.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आलं असेल असं वाटतं. आजीचं तेवढं राहिलं.

तिच्या नावावर पाऊण एकर जमीन होती. त्या कागदांवर सगळीकडे जांभळ्या शाईचे अंगठे आहेत. १९७८च्या अखेरीस गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. रात्री कंदील घेऊन जायची. पाटीवर पेन्सिल इतकी दाबायची की टोक मोडायचं. पुढच्या वर्षी एका कर्जाच्या कागदावर तिने अंगठा द्यायचं नाकारलं आणि सही केली. पहिल्या अक्षराची वेलांटी तिने उलट्या बाजूला काढली आहे. कारकुनाने शेजारी अंगठाही घेऊन ठेवला, खबरदारी म्हणून. तो कागद माझ्याजवळ आहे. पुढच्या शनिवारी या, दाखवतो.