हॅनटेक ६०२२बीई लिनक्सवर: दिसत होता पण उघडत नव्हता, सुटलं एकदाचं

मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला, पण काल रात्री साडेअकराला शेवटी स्क्रीनवर १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर स्थिर उभी राहिली आणि मी खरंच खुर्चीतून उठलो. लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेला हा यूएसबी स्कोप (ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलची लहर पीसीच्या स्क्रीनवर दाखवणारा डबा) ३ आठवडे तसाच टेबलावर पडून होता. मला उत्तरं तुकड्यातुकड्यात मिळाली म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवतोय, कुणीतरी आत्ता याच जागी अडकून बसलं असेल.

आधी आत काय आहे ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. २ चॅनल, ८ बिट (म्हणजे व्होल्टेजच्या २५६ पायऱ्या), सेकंदाला जास्तीत जास्त ४.८ कोटी सॅम्पल (मोजमापं), आणि मेंदू म्हणजे सायप्रेसची एफएक्स२एलपी चिप (सायप्रेस २०२० पासून इन्फिनियनकडे आहे). या चिपमध्ये ८०५१ मायक्रोकंट्रोलरचा कोअर आहे, हो तोच, डिप्लोमाला ज्याचे पोर्ट अन टायमर पाठ केले होते तो. सोबत १६ केबी रॅम, आणि फ्लॅश (वीज गेल्यावरही टिकणारी मेमरी) नाहीच. म्हणजे केबल काढली की फर्मवेअर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) गेलं. परत लावली की चिप बाजूच्या छोट्या ईईप्रॉम मेमरीमधून फक्त स्वतःची ओळख वाचते, व्हेंडर ०४बी४ प्रॉडक्ट ६०२२ (कंपनीचा आणि वस्तूचा आयडी), आणि वाट बघत बसते, मग पीसीवरचं सॉफ्टवेअर तिला रीसेटमध्ये धरतं, फर्मवेअर रॅममध्ये भरतं, रीसेट सोडतं, आणि चिप यूएसबीवरून आपणहून सुटून नव्याने जोडली जाते. आणि या वेळी तिचं नाव असतं ०४बी५:६०२२. चारच्या जागी पाच, एवढाच फरक, पण माझे ३ आठवडे त्याच एका आकड्यात गेले.

पहिला शनिवार केबलनेच खाल्ला. कर्नल लॉगमध्ये (लिनक्सच्या नोंदवहीत) सारखं "डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१" येत होतं, मी ड्रायव्हर शोधत बसलो, आणि निघाली ड्रॉवरमधली जुनी लांब केबल अन बिनपॉवरचा हब. या स्कोपसोबत दोन टोकांची वाय केबल येते ती लावली, दोन्ही टोकं सरळ पीसीच्या मागच्या पोर्टात, एरर बंद. -७१ दिसला तर आधी केबल बदला, सॉफ्टवेअरला हात लावू नका.

मग ओपनहॅनटेक६०२२ (हा स्कोप चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं. एलएसयूएसबीमध्ये (जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देणारी कमांड) ०४बी४:६०२२ दिसलं म्हणून त्याच आकड्यांचा यूडेव्ह रूल (कोणतं उपकरण कुणाला वापरू द्यायचं हे लिनक्सला सांगणारी ओळ) लिहिला, मोड ०६६६, फाइलचा नंबर सवयीने ९९. प्रोग्रॅम चालू केला तर फर्मवेअर अपलोड झालं आणि लगेच परमिशन नाही म्हणून थांबला. साहजिकच मला वाटलं फर्मवेअर खराब आहे, दोन वेगळ्या आवृत्त्या टाकून बघितल्या, तेच. खरं म्हणजे अपलोड झालं हीच मोठी खूण होती, तिथपर्यंत सगळं बरोबरच चाललं होतं. बाजूच्या टर्मिनलमध्ये कर्नल लॉग चालू ठेवून परत केलं तेव्हा दिसलं: डिव्हाइस नंबर १४ डिस्कनेक्ट, मग नवीन हाय-स्पीड डिव्हाइस नंबर १५, आणि आयडी ०४बी५. माझा रूल जुन्या नावाचा, दारात उभा नवीन नावाचा माणूस, त्याला आत कोण घेणार.

म्हटलं आता नीट करू. दोन्ही आयडींच्या दोन ओळी लिहिल्या, आणि ०६६६ म्हणजे मशीनवरच्या सगळ्यांना मोकळं, ते मला पटत नाही, म्हणून त्याजागी यूअ‍ॅक्सेसचा टॅग टाकला. आणि आता तर पहिलं अपलोडही होईना! हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला कारण उलगडा फारच साधा आहे. यूडेव्हच्या फाइली नंबरप्रमाणे वाचल्या जातात, आणि यूअ‍ॅक्सेसचा टॅग बघून लॉगिन केलेल्या माणसाला परवानगी देण्याचं काम ७३ नंबरच्या सीट-लेट फाइलमध्ये होतं. माझी ९९ ची फाइल तिच्यानंतर वाचली जात होती, टॅग लागत होता पण बघायला कुणी उरलं नव्हतं. नंबर ६० केला, रूल रीलोड केले, केबल काढून लावली, झालं. लागला की नाही हे डेव्ह-बस-यूएसबीमधल्या त्या नोडची यादी लांब स्वरूपात काढून बघा, परवानग्यांच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं म्हणजे तुमच्या नावाची नोंद झालीये.

एक मात्र, मी तो पीसी कधीकधी दुसऱ्या खोलीतून एसएसएचवर (नेटवर्कवरून लॉगिन करून) चालवतो आणि तिथे परत परमिशनची एरर. यूअ‍ॅक्सेस फक्त समोर बसून लॉगिन केलेल्यालाच मोजतो. त्यासाठी प्लगडेव्ह ग्रुप आणि मोड ०६६० (मालकाला आणि त्या ग्रुपलाच परवानगी) अशी जोड दिली.

भाच्याच्या लॅपटॉपवर विंडोजमध्येही करून बघितलं. तिथे झाडिगने (यूएसबी ड्रायव्हर बसवणारं छोटं टूल) विनयूएसबी ड्रायव्हर लावावा लागतो, आणि दोनदा लावावा लागतो. पहिल्यांदा ०४बी४ ला, मग प्रोग्रॅम चालवून फर्मवेअर जाऊ द्यायचं, तोवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसकट कोड २८ (ड्रायव्हर नाही) वाला नवीन पाहुणा येतो, मग परत झाडिग उघडून ०४बी५ ला. पहिल्यांदा लावून "झालं की" म्हणून थांबतात आणि अडकतात, माझ्याही डोक्यात तेच होतं पण तोवर लिनक्सने शिकवलं होतं. व्हर्च्युअलबॉक्समध्येही (पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) हीच गंमत, फिल्टर एकाच आयडीचा असेल तर फर्मवेअर गेल्यागेल्या डबा गेस्टमधून (आतल्या पीसीतून) निसटून होस्टकडे (खऱ्या पीसीकडे) परत जातो, दोन फिल्टर टाका.

आणि पल्सव्ह्यू (सिग्रॉक प्रकल्पाचं लहर बघायचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, सिग्रॉकचं फर्मवेअर वेगळं आहे, ते भरलं की तोच डबा तिसऱ्या नावाने येतो, १डी५०:६०८ई. त्यानंतर ओपनहॅनटेक उघडलं तर त्याला काहीच सापडेना, केबल काढून लावल्यावर सापडलं. रॅम रिकामी झाली की सगळं मूळपदावर.

सध्या प्रोब (सिग्नलला टेकवायची वायर) स्कोपच्या स्वतःच्या कॅलिब्रेशन पिनवर लावून कॉम्पेन्सेशनचा स्क्रू फिरवतोय, लहरीचे कोपरे अजून थोडे गोल आहेत. त्यानंतर झीरो ऑफसेट (शून्याची रेघ जागेवर आणणं), मग ज्यासाठी हा स्कोप आणला तो जुन्या पॉवर सप्लायचा रिपल (डीसीवर उरलेली बारीक लहर). अधिक-उणे ५ व्होल्टच्या रेंजला ८ बिट म्हणजे एक पायरी साधारण ३९ मिलिव्होल्टची, त्यामुळे एसी कपलिंगसाठी (डीसी अडवून फक्त बदलता भाग घ्यायला) कपॅसिटर जोडून गेन वाढवूनच बघावं लागणार, कपॅसिटर उद्या आणतो.