राजहंस कळपात मिसळले, मुरबाडच्या वाडीचं अपडेट

गावरान कोंबड्या आणि बदकांच्या जोडीला आता तीन राजहंस आहेत, एक नर दोन माद्या, चोचीच्या मुळाशी गाठ असलेली ती चायनीज जात. एकत्र राहतात का असं बऱ्याच जणांनी विचारलंय, तर हो, मस्त राहतात, पण आधी पाण्याची सोय बघा, बाकी सगळं नंतर.

आल्या आल्या कळपात सोडले नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला होता, हजारो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि बदकं, हंस अंगात व्हायरस असूनही कधीकधी ठणठणीत दिसतात. म्हणून महिनाभर वाडीच्या दुसऱ्या टोकाला ठेवले, भांडी वेगळी, चपला वेगळ्या, आणि सकाळी आधी कोंबड्यांचं सगळं उरकायचं मगच हंसांकडे जायचं. मग काही दिवस मध्ये फक्त जाळी. नर मान जमिनीलगत ताणून फुत्कारायचा, कोंबडा पण पिसं फुलवून उभा, हळूहळू दोघांनी लक्ष देणंच सोडलं. पहिल्यांदा सोडताना मोकळ्या गवतावर सोडा, खुराड्यात नको, कोंबडीला पळायला जागा पाहिजे.

आता पाणी. हंसाला डोळे नि नाकपुड्या धुवायला पूर्ण डोकं बुडवावं लागतं, त्यामुळे घमेलं खोलच हवं, आणि गवत-चिखल भरलेली चोच त्यात घातली की पाच मिनिटांत पाणी गढूळ, आजूबाजूला सगळा राडा. तेच खुराड्यात झालं तर खालचं तूस भिजणार आणि पावसाळ्यात ओल्या तुसात रक्ती हगवण आलीच म्हणून समजा. म्हणून घमेलं बाहेर खडीवर आणि आत कोंबड्यांना निपल ड्रिंकर (चोचीने टोचलं की थेंब थेंब पाणी देणारी नळी), हे मला सगळ्यात पटलेलं सेटिंग, तूस अजून कोरडं आहे.

चरताना जवळ बसून बघा एकदा, चोचीच्या कडेला करवतीसारखे दाते असतात, गवताचं पातं तिरकं धरून मान झटकली की कर्रकन तुटतं. पावसात दाणा फार कमी लागतोय. पालक, मेथीच्या वाफ्यांना मात्र कुंपण घालाच, कोवळं दिसलं की सोडत नाहीत.

रात्री सगळे आत, कडी लावून. हंस ओरडून गाव जागं करतात हे खरं, पण मुरबाडला बिबट्या फिरतो आणि त्याच्यापुढे ओरडून काही होत नाही. मुंगसासाठी जाळी बारीक भोकाची घ्या.

पिल्लं घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, त्यांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) जास्त लागतं, नाहीतर पाय वाकडे होतात, स्टार्टरमध्ये (पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्यात) ब्रुअर्स यीस्ट मिसळा.

आता माद्या अंड्यावर येण्याची वाट बघतोय. अंडी उबायला साधारण ३० दिवस, खुडूक गावरान कोंबडीखाली चार ठेवायचा विचार आहे, जड असल्याने तिला फिरवता येत नाहीत, ती आपल्यालाच हाताने फिरवावी लागतील. कोणी केलंय का असं? अंड्यांवर पाणी कधीपासून शिंपडायला लागलात तेही लिहा.