निर्णय आधी, कारणं मागून

मंगळवार, रात्री उशिरा

बढती नाकारून आज महिना झाला. या महिन्यात 'का गं नाकारलीस?' किती जणांनी विचारलं याचा हिशेब नाही, पण मी काय काय सांगितलं ते आठवतंय. आईला म्हणाले, दगदग झेपणार नाही. साहेबांना सांगितलं, घरी माझी गरज आहे. मैत्रिणीला, वर गेलं की नुसतं राजकारण. यातलं एकही खोटं नाही. पण चौथं माणूस विचारायला आलं तेव्हा मी आधी त्याचा चेहरा बघितला आणि मग कारण निवडलं. तिथे खटकलं.

म्हणून आज वही काढली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे 'घ्यावी', उजवीकडे 'नको'. ही पद्धत बेंजामिन फ्रँकलिनची. 1772 मध्ये जोसेफ प्रिस्टली या शास्त्रज्ञासमोर नवी नोकरी धरावी की नाही असा पेच होता. फ्रँकलिननं त्याला पत्रात कळवलं की काय ठरवावं हे मी सांगू शकत नाही, कसं ठरवावं ते सांगतो. (सल्ला मागणाऱ्याला याहून शहाणं उत्तर मी तरी ऐकलेलं नाही.) दोन रकाने करायचे, तीन-चार दिवस सुचेल तसे भरत राहायचे. मग सारख्या वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडायचे; कधी एकाला एक, कधी एकाला दोन. शेवटी ज्या बाजूला काही उरेल, तो निर्णय.

माझ्या पानावर डावीकडे सहा मुद्दे आहेत, उजवीकडे पाच. तरी 'नको' जिंकलं. कसं, ते खोडाखोडीत दिसतं. 'पगार', 'पुढच्या संधी' आणि 'आपलं म्हणणं ऐकलं जाईल' हे तिन्ही मिळून एकट्या 'संध्याकाळ आपली राहणार नाही' समोर गारद. एकाला तीन! बाकीचे तीन एकास एक कापलेत. डावीकडे सातवाही होता, 'शिकायला मिळेल'. तो खोडलेला नाही, खोडरबरानं पुसलाय, दोनदा तरी; कागद तिथे विरून पलीकडची ओळ दिसते. शेवटी उजवीकडे एकच उरलं: 'मनाला पटत नाही'. म्हणजे एवढा खटाटोप करून जिथून निघाले तिथेच येऊन बसले.

पानावर तारीख आहे 14. मग सहज म्हणून मेलमधला नकाराचा मसुदा उघडला. तो 11 तारखेचा, रात्रीचा. यादीच्या तीन दिवस आधीचा! आधी उत्तर लिहून ठेवलं आणि मग ताळा जुळेपर्यंत गणित केलं.

अकराला काय झालं होतं? साहेब रजेवर होते, आठवडाभर त्यांचं काम माझ्याकडे होतं. दुपारी मी आमच्या खोलीत शिरले तेव्हा माझ्याच टेबलाभोवती चौघं कशावरून तरी हसत होते. मला बघून हसू थांबलं. त्यातला सगळ्यात धाकटा रोज माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकणारा, गार पाण्याची बाटली माझ्या कागदांवर ठेवणारा आणि त्यावरून माझी बोलणी खाणारा. तो चटकन उभा राहिला. बाटली उचलली, कागदावर उमटलेला ओला गोल बाहीनं पुसला आणि म्हणाला, "सॉरी मॅडम."

तोवर तो मला ताई म्हणायचा.

सापडलं एकदाचं, असं वाटून वही मिटणार होते. पण एक जुनं वाचलेलं आडवं आलं. 2005 मध्ये पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमध्ये केलेला प्रयोग. लोकांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवून आवडता निवडायला सांगायचं आणि हातचलाखीनं दुसराच त्यांच्या हाती देऊन विचारायचं, हाच का आवडला? बहुतेकांच्या अदलाबदल लक्षातच आली नाही. न निवडलेल्या चेहऱ्याचीही कारणं त्यांनी बिनदिक्कत सांगितली. मग माझा हा ओला गोलही त्यातलाच कशावरून नाही? दगदग, घर, राजकारण जुनं झालं, म्हणून आता हे चौथं, जास्त देखणं कारण? मसुद्याची तारीख तेवढी माझ्या बाजूनं साक्ष देते. पण तारीख म्हणजे कारण नव्हे. त्या दिवशी डोकंही दुखत होतं.

त्या जागेवर आता बाहेरचं कुणी येतंय. त्याचं वाईट वाटतं का? सकाळी नाही वाटत. संध्याकाळी कधीकधी वाटतं, आणि गंमत म्हणजे तेव्हा आठवतो तो पगार नाही, तो पुसलेला सातवा मुद्दा.

आज दुपारी धाकटा काहीतरी विचारायला आला होता. हल्ली तो ताईही म्हणत नाही आणि मॅडमही नाही, दोन्ही गाळूनच बोलतो. मी कागदांचा गठ्ठा मुद्दाम कोपऱ्यावर सरकवून ठेवला होता. बोलणं होईपर्यंत बाटली त्याच्या हातातच राहिली.