मलावी: चिल्वा तलावाकाठचं नाटक बघायला जायचं असेल तर

आफ्रिकेतल्या मलावीला जाणारे बहुतेक सगळे मोठ्या लेक मलावीकडे पळतात, आम्ही मात्र झोंबा शहरात मुक्काम टाकला आणि तिथून चिल्वा तलावाकाठच्या गावात गेलो. तिथला एक लोकल ग्रुप गावागावात तलावाबद्दल नाटकाचे खेळ करतो असं ओळखीतल्या एकांनी सांगितलेलं. झोंबात युनिव्हर्सिटीची नाटकवाली मुलं गावोगाव फिरायची हे 1970-80 पासून चालत आलंय म्हणून ग्रुप शोधायला फार वणवण नाही.

जायचं कसं तर अदिस अबाबाला विमान बदलून ब्लँटायर, पुढे झोंबा साधारण 65 किमी आणि तिथून चिल्वाकाठचं काचुलू बंदर 30 एक किमी. मिनीबस भरल्याशिवाय हलत नाही, वैतागू नका. मे ते ऑगस्ट बरा, तेव्हा तिथे कोरडं असतं, पावसात कच्चे रस्ते जातात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून निघायच्या आधीच सुरू करा.

आता नाटक. चिल्वा उथळ तलाव, पाणी बाहेर जायला वाटच नाही, त्यामुळे पाऊस हुकला की आटतो, 1995 ला पूर्ण कोरडा पडला होता, 2018 लाही जवळजवळ तसंच. हे सगळं त्यांनी आंब्याखाली दोन चितेंजेमध्ये (बायका कमरेला गुंडाळतात ते कापड) दाखवलं. जमिनीवर कापड पसरलं म्हणजे तलाव, आणि दोघी चारी कडांनी ते हळूहळू दुमडत आणतात, मधे मासेमार अजून पाय टाकतोयच, हातात मच्छरदाणी! फुकट मिळालेल्या मच्छरदाणीने बारीक पिल्लंसुद्धा पकडतात म्हणे. इथे सूत्रधाराने खेळ थांबवला आणि विचारलं, याने काय करावं? एक आजी ताडकन उठल्या, नटाच्या हातातली जाळी ओढली आणि स्वतःच तो रोल करायला लागल्या: मका वाळला, समिती म्हणते मासेमारी बंद, मग न्सिमा (आपल्या उकडीसारखी, मक्याची) कशाशी खाऊ? मग जे भांडण पेटलं ते थांबेचना, कोण म्हणे जाळीचा दोष, कोण म्हणे डोंगरावर कोळशासाठी झाडं तोडली म्हणून नद्यांतून गाळ येतो. आपल्याकडच्या पथनाट्यात शेवटी संदेश देऊन मोकळे होतात, इथे नाटक मधेच अडतं आणि खरी मजा तिथूनच.

पण एक लक्षात घ्या, गावचा मुखिया पुढे खुर्ची टाकून बसला की तरुण बायका गप्प. ग्रुपला आधीच सांगून बायकांची वेगळी बैठक ठेवायला सांगा, आम्हाला तिथे जास्त ऐकायला मिळालं. मुखियाला भेटल्याशिवाय मात्र काहीच सुरू करू नका, आधी 'मुली ब्वांजी' (तिथल्या चिचेवा भाषेत 'कसे आहात'), मग बाकीचं. दुभाषा ग्रुपच्या बाहेरचा घ्या, नाहीतर भांडणाचा गोडगोड सारांश मिळतो. मोबाईल खिशात ठेवा, बेकायदा जाळीबद्दल बोलणाऱ्याचा व्हिडिओ काढणं म्हणजे त्यालाच अडकवणं. आणि पैशाचं आधी ठरवा, एनजीओंच्या भत्त्यांची सवय लागलीये, पाहुणा दिसला की प्रेक्षकही विचारतात. आम्ही प्रेक्षकांना काही दिलं नाही, ग्रुपला मानधन आणि सगळ्यांना जेवण, त्यावर कोणी कुरकुरलं नाही. परतीची गाडी दुपारीच पक्की करा, संध्याकाळनंतर काचुलूहून काही मिळेल या भरवशावर राहू नका.