तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेचं सरकार बंद पडतं म्हणजे काय?

‘एवढा श्रीमंत देश, मग सरकारी नोकरांचे पगार थांबतात कसे?’ दर शटडाऊनला हा प्रश्न येतो. तिजोरीत पैसे असतात, ते खर्चायची मंजुरी नसते.

अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, खर्चाची १२ विधेयकं मंजूर करायची असतात. ती वेळेत क्वचितच होतात, म्हणून काही आठवड्यांसाठी जुन्याच दराने खर्च चालू ठेवायचा ठराव करतात. आपल्याकडच्या लेखानुदानासारखाच. पण आपल्याकडे लोकसभेत अर्थसंकल्प पडला तर सरकारच पडतं. तिथे अध्यक्ष जागेवरच राहतात आणि कार्यालयांना टाळं लागतं. १९८० पर्यंत तसंही होत नसे, खाती काटकसर करून दिवस ढकलत. त्या वर्षी ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी जुन्या कायद्याचा कडक अर्थ लावला: मंजुरी नाही, तर काम नाही.

त्यात सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहात, चर्चा थांबवून मतदानाला जायला ६० मतं लागतात. २०२५ मध्ये रिपब्लिकनांकडे ५३ होती. आरोग्यविम्याचं वाढीव अनुदान वर्षअखेरीस संपत होतं, ते चालू ठेवा, असा डेमोक्रॅटांचा आग्रह होता. सरकार ४३ दिवस बंद राहिलं.

सोशल सिक्युरिटीची पेन्शनं चालू राहतात, कारण त्यांना दरवर्षी मंजुरी लागत नाही. विमानतळावरचे तपासनीस आणि हवाई वाहतूक नियंत्रक मात्र बिनपगारी राबतात. २०१९ च्या कायद्याने त्यांना थकलेला पगार नंतर मिळतो. त्याच इमारतींत झाडलोट करणाऱ्या, कँटीन चालवणाऱ्या कंत्राटी कामगारांना त्या कायद्याचं संरक्षण नाही. त्यांची मजुरी बुडाली ती बुडालीच, आणि मला हा उघड अन्याय वाटतो.

आपल्या लोकांना फटका बसतो तो एच-१बी या नोकरीच्या व्हिसात. इमिग्रेशन खातं अर्जांच्या फीवर चालतं, त्यामुळे ते उघडं असतं. पण अर्जाला श्रम खात्याने मंजूर केलेला एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींबद्दलचा कंपनीचा हमी-अर्ज, जोडावा लागतो, आणि २०२५ मध्ये ते काम ऑक्टोबरभर ठप्प होतं. एरवी त्याला कामकाजाचे सात दिवस लागतात. एलसीए सहा महिने आधी मागता येतो. व्हिसाची मुदतवाढ ऑक्टोबर-नोव्हेंबरात असेल तर कंपनीच्या वकिलाला तो ऑगस्टमध्येच टाकायला सांगा.

मंजुरी रखडली तर जुना खर्च आपोआप चालू राहावा, अशी विधेयकं अनेकदा मांडली गेली आहेत. तो कायदा व्हायलाच हवा. पण अडवणुकीचं हे हत्यार आज ना उद्या आपल्यालाही लागेल, हे दोन्ही पक्ष जाणून आहेत.