कारखान्यातला जॅझ

आज जेवणं झाल्यावर मालिका-बिलिका न लावता ‘ग्लास’ बघितली. बेर्ट हान्स्ट्रा या डच दिग्दर्शकाची, १९५८ सालची, जेमतेम दहा-अकरा मिनिटांची. निवेदन औषधालासुद्धा नाही! काच कारखान्यातले कारागीर लांब नळीतून फुंकर मारतात, गाल टम्म फुगतात, टोकाचा लालभडक गोळा वाढत जातो आणि मागे पिम याकोब्सच्या मंडळींचा जॅझ. नळी फिरवणारी बोटं आणि ताल असे काही जुळलेत की हे लोक काच घडवताहेत की सॅक्सोफोन वाजवताहेत, तेच कळेना. (एकाच्या तोंडात पाइपही. पठ्ठ्या निवांत!)

मग यंत्रं येतात. बाटल्यांची रांग धडाधड पुढे, संगीतही ठोकळेबाज. मान तुटलेली एक बाटली अडकते, मागच्या पटापट खाली पडून फुटतात आणि यंत्राला पत्ताच नाही. शेवटी माणसालाच धावून यावं लागतं. मी एकटाच खो खो हसत होतो.

१९५९ सालचं लघु माहितीपटाचं ऑस्कर हिला उगाच नाही मिळालं. हल्ली बऱ्याच प्रायोगिक शॉर्ट फिल्म्समध्ये ड्रोन उडवायचा आणि वरून पियानो ओतायचा, झालं. इथे प्रत्येक कट वाजतो. बघाच, पण हेडफोन लावून.