तुमच्यात चित्र नसतं

"बाई, तुम्ही नका सांगू. तुमच्यात चित्र नसतं."

सकाळपासून एवढंच घोळतंय. वर्गातली एक मुलगी सहज बोलली, दप्तरात पेन्सिल शोधता शोधता. मी हसलेही. लाइट नव्हती म्हणून भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट तोंडी सुरू केली होती. आवाज बारीक करून, पट्टी काठीसारखी टेकत. अठरा वर्षं याच गोष्टीवर दुसरीचा वर्ग गप्प बसवत आलेय! आणि आज, चित्र नसतं.

वर्गातल्या टीव्हीसाठी सरांच्या मागे मीच लागले होते. श्रवण, भाषण, वाचन, लेखन हा क्रम डीएडपासून पाठ. २०२१ साली सरकारचं निपुण भारत अभियान आलं, त्यातही मौखिक भाषा आधी. म्हटलं, कार्टूनमधल्या लोककथा ऐकतील. ऐकतात कसल्या? परवा विचारलं, वाघ म्हातारीला काय म्हणाला? उत्तर: "पिवळा होता." म्हणजे मी आता रेडिओ. तोही बिघडलेला. घरी सांगितलं तर यांनी... जाऊ दे.

मधल्या सुट्टीनंतर लाइट आली. रागारागात टीव्हीवर ओढणी टाकली आणि नुसता आवाज लावला. तोही बंगाली. तिकडे हीच गोष्ट आहे, फक्त म्हातारी बसते 'लाऊ'मध्ये, म्हणजे आपल्या दुधीत. आधी खिदळणं, मग चुळबुळ. 'लाऊ गुडगुड' दुसऱ्यांदा आलं आणि मागच्या बाकावरून हात वर.

"बाई, गुडगुड म्हंजी टुणुक टुणुक!"

तो. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारा. माझ्या तासाला तोंड न उघडणारा. मला वाटायचं लक्ष नसतं त्याचं. अर्धीच कळणारी भाषा कान देऊन ऐकायची सवय या वर्गात त्याच्याइतकी कुणाला असणार? जूनपासून तो माझी मराठी तशीच तर ऐकतोय. हे मला आज सुचावं!

तिसऱ्या वेळी अख्खा वर्ग गुडगुडला. मग त्याचीच शंका. "भोपळ्यात अंधार आसंल ना? मग म्हातारीला वाघ कसा दिसला?"

"तूच सांग."

"आवाजावरनं वळखला."

'कशाची म्हातारी नि कशाची कोतारी' हे इतकी वर्षं मी तोंडभर म्हणतेय, पण आतली म्हातारी नुसती ऐकत बसलेली असते हे कधी डोक्यात आलं नाही.

चित्रवाल्या बाईसाहेबांना मुद्दाम विचारलं, काय ऐकलंस गं?

"बाई, तुमच्या ओढणीवर एकवीस मोर आहेत."